गजभिये मॅडम आणि हट्टी स्क्रीन

माणसावर लिहायचं तर तो आधी गेलेला असावा, निदान निवृत्त तरी झालेला असावा, असा आपल्याकडे एक अलिखित नियम आहे. सुजाता गजभिये यांतलं काहीच झालेल्या नाहीत. शनिवार पेठेतल्या त्याच ऑफिसात, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीकडे पाठ करून त्या आजही बसतात. सोडून आलो तो मी. हा लेख त्यांच्या कानावर गेला तर काय होईल तेही मला ठाऊक आहे. फोन येईल. "ओक, मी मेली का? मग हे 'होत्या', 'म्हणायच्या' काहून लावलंय?" असं विचारतील आणि माझं उत्तर ऐकायच्या आत फोन ठेवतील. ठेवू देत. मी त्यांना जेवढं पाहिलं तेवढं माझ्यापुरतं होऊन गेलेलं आहे, तेव्हा मी भूतकाळातच लिहिणार. आपलं म्हणणं असं धरून बसायला मला त्यांनीच शिकवलंय, आता भोगावं.

आमची कंपनी सॉफ्टवेअरची होती, पण सॉफ्टवेअर म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर येते तशी काचेची इमारत आणि गळ्यात पट्टे असला प्रकार तिथे नव्हता. खाली मसाल्याचं दुकान, त्यावर एक सीए, त्याच्यावर आम्ही. दुकानात मिरची दळायला घेतली की वर सगळं प्रोग्रामिंग शिंकत शिंकत चालायचं. आमचा माल म्हणजे एका कंप्युटरच्या पोटात दुसरा कंप्युटर चालवणारं सॉफ्टवेअर. बाहेरचा कंप्युटर खरा, आतला नुसता भासाचा. पण त्या आतल्यात लिनक्स ही कंप्युटर चालवणारी प्रणाली टाकली की तो अगदी खऱ्यासारखा वागतो, आणि त्याचा अख्खा डेस्कटॉप आपल्याला बाहेरच्या स्क्रीनवर एका खिडकीत दिसतो. कॉलेजांच्या प्रयोगशाळांना हे फार सोयीचं पडतं, कारण मुलांनी आतल्या कंप्युटरचं वाट्टेल ते वाटोळं केलं तरी बाहेरच्याला ओरखडा येत नाही. मी तिथे या मालाची माहितीपुस्तकं लिहायचो. या खात्याला कंपनीत मान नसतो. ज्याला दुसरं काही जमत नाही तो लिहितो, अशी इंजिनिअर लोकांची प्रामाणिक समजूत असते आणि ते ती लपवतही नाहीत.

मॅडम टेस्टर होत्या. इंजिनिअरांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या, नोंदवायच्या आणि त्या दुरुस्त होईपर्यंत मागे लागायचं, हे त्यांचं काम. यातलं शेवटचं बाकीचे टेस्टर करत नसत. पहिल्या दिवशी माझी ओळख करून दिली तेव्हा त्या माझ्या डोळ्यांकडे न बघता डाव्या कानाकडे बघत बोलल्या. मला वाटलं, बाई शिष्ट आहे. नारायण पेठेत जन्म गेल्यामुळे शिष्ट माणसं मी पुष्कळ पाहिली होती, पण कानाशी बोलणारी पहिलीच. आठवडाभराने समजलं की त्यांना समोरचं मधोमध दिसतच नाही. दृष्टिपटलाचा काहीतरी आजार. आधी मधलं पुसट होत जातं, मग हळूहळू कडांकडचंही. माणसाचा चेहरा बघायचा तर त्यांना त्याच्या बाजूला बघावं लागायचं. आजाराचं नाव कुणी विचारलं तर म्हणायच्या, "सांगितलं तर औषध देणार आहात का?"

त्यांचे वडील भंडाऱ्याकडून खडकीला कारखान्यात नोकरीला आले आणि दापोडीत राहिले. मॅडमची शाळा-कॉलेज सगळं इथलंच, त्यामुळे एरवी बोलणं स्वच्छ पुणेरी. राग आला की मात्र भंडारा वर यायचा. मीटिंगमध्ये कुणी "हे या वेळी राहू दे" म्हणालं की टेबलाच्या त्या टोकाकडून "काहून?" असा प्रश्न यायचा. आवाज चढलेला नसायचा, पण त्या एका शब्दावर समोरच्याला निदान पाच मिनिटं खर्च करावी लागायची. वडील दर रविवारी विहारात मुलांचे वर्ग घ्यायचे. तिथे ते सांगत की आपल्याला बसायची जागा कुणी सुखासुखी दिलेली नाही, तेव्हा कुणी गोड बोललं म्हणून उठायचं नाही. हे मॅडमनी मला एकदाच सांगितलं, डबा खाताना, आणि लगेच माझ्या डब्याकडे वळल्या. "ओक, या बटाट्याच्या भाजीत साखर आहे. काय गुन्हा केला होता तिनं?"

अप्पा बळवंत चौकातला रस्ता त्या कशा ओलांडायच्या ते पुण्याबाहेरच्या माणसाला सांगून खरं वाटणार नाही. पुण्याचे दुचाकीवाले सिग्नललाही फारसे मोजत नाहीत. मॅडम पदपथावरून उतरायच्या, उजवा हात सरळ समोर धरायच्या आणि चालायला लागायच्या. घाई नाही, दचकणं नाही. एकदा एका तरुणाने अगदी जवळ येऊन करकचून ब्रेक दाबला आणि ओरडला, "काकू, दिसत नाही का?"

"नाही दिसत," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला दिसतंय ना? मग थांबा."

तो थांबला. त्याच्या मागचेही थांबले. मी मॅडमच्या मागून, त्यांच्या सावलीतल्यासारखा, रस्ता ओलांडून घेतला. पलीकडे गेल्यावर मी म्हणालो, "अहो, एखादा नाही थांबला तर?" त्या म्हणाल्या, "मग चूक त्याची नोंदवायची." आणि हसल्या. त्यांचं हसू मोठं होतं, अख्ख्या चेहऱ्याचं. ऑफिसात ते फार जणांना दिसलं नाही याचं मला वाईट वाटतं.

त्या कामाला एक भली मोठी स्क्रीन वापरायच्या. कंपनीकडे मागितली तेव्हा "बजेटमध्ये बसवतो" असं उत्तर आलं, आणि त्या वाक्याचा अर्थ पुण्यात सगळ्यांना कळतो. मॅडम मला घेऊन बुधवार पेठेत गेल्या आणि भिंतीवर लावायचा टीव्हीच बघायला लागल्या. दुकानदाराने विचारलं, "कुठे लावणार?" मॅडम म्हणाल्या, "टेबलावर." "एवढ्या जवळून मॅच बघणार?" "मॅच नाही, अक्षरं." दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. मग त्याने एकेक टीव्ही लावून दाखवला आणि मॅडम प्रत्येकापुढे नाक टेकवून उभ्या राहिल्या, कडेकडेने बघत, अक्षराची कड सुटी दिसते की विरघळते ते तपासत. तासाभराने दुकानदार कंटाळून म्हणाला, "बाई, हा शोरूम आहे, दवाखाना नाही." मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच आले. तिकडे काही दिसेना." शेवटी पसंत पडला तो टीव्ही, मॅडमच्याच पैशाने, रिक्षातून ऑफिसात आला. अक्षरं तळहाताएवढी करून त्यावर त्या काम करायच्या, आणि त्यांच्याइतक्या चुका शोधणारा दुसरा टेस्टर आमच्याकडे नव्हता.

आता मुख्य भांडणाकडे येतो. ते एका साध्या गोष्टीवरून होतं. आतल्या कंप्युटरची खिडकी कोपऱ्याला धरून ओढली, मोठी केली, तर आतला डेस्कटॉपही आपोआप तेवढाच मोठा व्हायला हवा. कुठल्याही शहाण्या सॉफ्टवेअरमध्ये होतो. आमच्याकडेही व्हायचा, पण लिनक्सला जे निरनिराळे डेस्कटॉप लावता येतात त्यांतल्या भारी डेस्कटॉपवर. जुने कंप्युटर असलेली कॉलेजं जो हलका डेस्कटॉप वापरतात, त्यावर व्हायचा नाही. खिडकी ओढून भिंतीएवढी करा, आतलं चित्र होतं तेवढंच मधोमध बसून राहणार आणि भोवती सगळा काळा पट्टा. एक कमांड टाइप केली की बसायचं नीट. पुन्हा खिडकी हलवली की पुन्हा कमांड.

बाकी सगळ्यांना याचा त्रास नव्हता, कारण त्यांनी ती कमांड आपापल्या मशीनवर कीबोर्डच्या एका कळीला बांधून टाकली होती. खिडकी मोठी केली, कळ दाबली, झालं. हात इतके सरावले होते की आपण काही दाबतो हेही त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. मॅडमनी चूक नोंदवली की उत्तर यायचं, "माझ्याकडे चालतंय." पण टेस्टरला रोज कितीतरी वेळा कोरा करकरीत आतला कंप्युटर उघडावा लागतो, गिऱ्हाइकाच्या हातात पडेल तसा. त्यात कुणाची कळ नसते. आणि मॅडमची अक्षरं मोठी. चिमुकल्या डेस्कटॉपवर मोठ्या अक्षरातली चौकट उघडली की तिचा तळ स्क्रीनच्या खाली जायचा. तळाशीच 'ओके'चं बटण. भोवती एवढी जागा काळी पडलेली आणि बटण मात्र बाहेर. कमांड टाइप करायची खिडकी उघडली तर तीही अर्धी गायब. मॅडम टॅबची कळ मोजून मोजून दाबत, अंदाजाने, न दिसणाऱ्या बटणापर्यंत जायच्या. प्रत्येक वेळी. दिवसभर.

आमचे टीमप्रमुख बापट. स्वभावाने गोड, आवाज हळू, वयाने मॅडमपेक्षा लहान. त्यांनी ती चूक "पर्यायी उपाय उपलब्ध" असा शेरा मारून बंद केली, म्हणजे यादीत निकालात काढली. सोमवारी सकाळी मॅडमनी ती पुन्हा उघडली. बापटांनी बंद केली. पुढच्या सोमवारी मॅडमनी उघडली. हे इतकं नेमाने चालायचं की सोमवार आहे की नाही हे लोक त्या चुकीवरून ओळखायला लागले. बापट म्हणायचे, "मॅडम, उपाय आहे ना आपल्याकडे?" मॅडम म्हणायच्या, "तुमच्याकडे आहे. आपल्याकडे नाही."

मग बापटांनी मला बोलावलं. पुस्तकात एक ओळ घाल, म्हणाले, खिडकी मोठी केल्यावर अमुक कमांड द्यावी. पुस्तकात आलं की तो रीतसर उपाय झाला आणि चूक कायमची बंद करता येईल. मी ओळ लिहीत होतो तेवढ्यात मॅडम येऊन मागे उभ्या राहिल्या. "मोठं करून दाखवा," म्हणाल्या. मी अक्षरं मोठी केली. त्यांनी कडेने वाचलं.

"हे खोटं आहे, ओक."

"अहो, कमांड बरोबर आहे."

"कमांड बरोबर आहे, वाक्य खोटं आहे. हे वाचून माणसाला वाटतं ही करायची पद्धतच आहे. पद्धत नाही ही. मोडलेलं आहे. मोडलंय असं लिहा."

मी तसं लिहिलं. 'हलक्या डेस्कटॉपवर स्क्रीन आपोआप बसत नाही. हा आमच्या सॉफ्टवेअरमधला दोष आहे. तो दुरुस्त होईपर्यंत पुढील कमांड वापरावी व आम्हाला तक्रार कळवावी.' पुस्तक तसंच गिऱ्हाइकांकडे गेलं. लोकांनी खरंच तक्रारी कळवल्या. बापट माझ्या टेबलाशी येऊन त्यांच्या त्या हळू आवाजात मला जे काही बोलले ते मी इथे देत नाही. इतकी वर्षं लिहिलेल्या पुस्तकांतलं तेवढंच एक पान कुणीतरी वाचलं होतं, या आनंदात मी होतो.

महिला दिनाला कंपनीने मॅडमना 'प्रेरणा' म्हणून निवडलं. पुष्पगुच्छ, शाल, आणि बापटांचं भाषण, की अडचणींवर मात करून मॅडम कशा हसतमुख काम करतात. मॅडमनी शाल घेतली नाही. "कसल्या अडचणी?" त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. "माझे डोळे ही माझी बाब आहे, त्यांच्याशी मी बघून घेते. ऑफिसातली अडचण एकच आहे. ती तुम्ही शुक्रवारी बंद केलीत." टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणाला कळेना. मी वाजवल्या. मला त्यांचा त्या दिवशी फार अभिमान वाटला आणि तो मी लपवला नाही.

मग तो डेमो आला. एका शिक्षणसंस्थेची मंडळी आमचा माल बघायला आली होती, त्यांच्या सगळ्या कॉलेजांसाठी. डेमोसाठी बापटांनी मुद्दाम नवं कोरं मशीन लावलं होतं. गिऱ्हाइकाला कोरं दिसावं ही हौस. मृणाल नावाची आमची हुशार प्रोग्रामर दाखवायला बसली. प्रोजेक्टर जोडला, खिडकी भिंतभर पसरली आणि मधोमध, वहीच्या पानाएवढा, आतला डेस्कटॉप. भोवती काळोख. मृणालने सवयीने कळ दाबली. काही झालं नाही. पुन्हा दाबली. त्या मशीनवर ती कळ कुणी बांधलीच नव्हती. सगळ्या टीमने स्वतःपुरतं दुरुस्त करून घेतलेलं, ते दुरुस्त नाही हे सगळेच विसरलेले. तिने कमांड टाइप करायला खिडकी उघडली, पण घाबरलेल्या माणसाला स्पेलिंग कुठलं आठवतं? एक वयस्कर प्राचार्य पुढे वाकून म्हणाले, "एवढंच दिसतं का हो?"

"एकच मिनिट सर, इट्स अ स्मॉल ग्लिच," मृणाल म्हणाली.

मागच्या रांगेतून मॅडम उठल्या. "लहान नाही सर, जुनी आहे," त्या म्हणाल्या. "आम्हाला माहीत होती. दुरुस्त करायची राहिली आहे. करू आणि मग दाखवू."

मंडळी सभ्यपणे चहा पिऊन गेली. पुन्हा आली नाहीत. मॅडमच्या खरेपणावर खूश होऊन त्यांनी माल घेतला असं लिहायला मला आवडलं असतं, पण तसं काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी बापटांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं आणि मलाही, कारण प्रस्ताव माझ्या खात्याचा होता. मॅडमनी टेस्टिंग सोडावं आणि माझ्याबरोबर पुस्तकांचं काम बघावं. पगार तोच. "तुमच्याच सोयीसाठी म्हणतोय मॅडम. डोळ्यांना ताण नको. कालच्या प्रकाराशी याचा काही संबंध नाही." माझ्या खात्यात पाठवणं ही शिक्षा आहे हे मला माहीत होतं, पण ते इतकं तोंडावर ऐकायची वेळ पहिल्यांदाच आली.

"काहून जाऊ मी तिकडे?" मॅडम म्हणाल्या. चेहरा बापटांच्या कानाकडे. "काम जमत नाही का माझं?"

"तसं नाही…"

"मग? इतकी वर्षं इथे मी काय करून राहिली? स्क्रीन हलत नाही म्हणून मला हलवता? मी नाही हलणार. स्क्रीन हलेल."

बापट पेन फिरवायला लागले. शेवटी म्हणाले, ठीक आहे, सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती बाहेर पडेपर्यंत वेळ घ्या. त्यात हे दुरुस्त झालं तर तुमची जागा तुमची. नाही झालं तर ओकांकडे. मॅडम "चालेल" म्हणाल्या आणि उठल्या. बाहेर आल्यावर मी त्यांना म्हणालो की माझ्याकडे यावं लागलं तर मी काही वाईट वागवणार नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्यासाठीच येत नाही, ओक. तुमच्या भाषेतल्या चुका काढायला लागले तर तुम्ही रडाल."

पण टेस्टर चूक दाखवतो, दुरुस्त करतो तो प्रोग्रामर. आणि मृणालला त्यात रस नव्हता. तिचं म्हणणं बरोबरही होतं: आपलं सॉफ्टवेअर नव्या आकाराचा निरोप आत पाठवतं, आतल्या डेस्कटॉपने तो ऐकला नाही तर दोष त्याचा. डेस्कटॉप बनवणारे म्हणणार, निरोप नीट आला तर आम्ही ऐकू. दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि बटण स्क्रीनच्या बाहेर. मॅडम तिच्याशी वाद घालायला गेल्या नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं, "एक दिवस माझ्या खुर्चीत बस. कोरं मशीन, माझी अक्षरं, माझं काम. कळ बांधायची नाही."

मृणाल हसत बसली. दुपारच्या जेवणाआधीच उठून मॅडमपाशी आली. तोंड लाल. "मॅडम, ते ओकेचं बटणच दिसत नाहीये! मी टॅब मारतेय, मारतेय, काय सिलेक्ट झालंय तेच कळत नाही. एकदा तर फाइलच डिलीट झाली. सीरियसली, हाऊ डू यू डू धिस?"

"चिडून," मॅडम म्हणाल्या. "जेवून घे आणि परत बस."

मृणाल परत बसली. संध्याकाळी तिने स्वतःच्या मशीनवरची ती कळ काढून टाकली आणि बाकीच्यांनाही काढायला लावली. कुणी कुरकुर केली तर म्हणायची, "का? तुला त्रास होतोय? मग दुरुस्त करायला ये." मॅडमची भाषा शब्दशः. मला गंमत वाटायची.

पुढचे महिने त्या दोघी एका टेबलावर दिसायच्या. मॅडम वेगवेगळ्या तऱ्हेने खिडकी ओढायच्या, मृणाल आत काय होतं ते तपासायची. हळूहळू, की झटकन. मोठी करून लगेच छोटी. दुसऱ्या स्क्रीनवर नेऊन परत. असं करता करता एक विचित्र गोष्ट मॅडमच्या ध्यानात आली. खिडकी ओढताना आतला डेस्कटॉप क्षणभर मोठा होत होता आणि पुन्हा मागे येत होता. इतकं झटकन की समोर बघणाऱ्याला ते दिसायचं नाही. मॅडमना समोरचं दिसतच नव्हतं. कडेला काहीतरी पांढरं लुकलुकलं आणि विझलं, एवढंच त्यांना जाणवलं, आणि त्यांनी ते सोडलं नाही. म्हणजे निरोप आत पोहोचत होता. डेस्कटॉप तो ऐकतही होता. पण मग त्याला वाटायचं, मॉनिटर तर तोच आहे, नाव तेच आहे, तेव्हा मागे ठरवून ठेवलेला आकारच बरोबर, आणि तो आपला जुन्या मापावर परत जाऊन बसायचा. मृणालने कारण शोधलं, दुरुस्ती लिहिली. फार मोठी नव्हती. काही ओळी आमच्या बाजूला, काही डेस्कटॉपच्या. डेस्कटॉपचा भाग कंपनीने स्वतःकडेच ठेवावा असं बापटांचं म्हणणं होतं. मॅडमनी तो, हा डेस्कटॉप बनवून जगाला फुकट देणाऱ्या मूळ मंडळींना पाठवायला लावला. जगात कुणाकुणाचं बटण असं खाली गेलेलं असेल, म्हणाल्या, त्यांना आपलं सॉफ्टवेअर विकत घ्यायला लावणार का?

या सगळ्या काळात एक गोष्ट आमच्या नजरेसमोर होत होती आणि आम्ही ती बघितली नाही. मॅडमची अक्षरं आणखी मोठी झाली. मग त्यांनी माउस वापरणं कमी केलं. मग अजिबात सोडलं. कानात एका बाजूचा हेडफोन असायचा, आम्हाला वाटायचं गाणी ऐकतात. जिन्यात त्या कठड्याला हात लावून चालायच्या. मृणालला मात्र ठाऊक असावं, कारण ती हल्ली लुकलुकलं का, पसरलं का हे मॅडमना विचारायची बंद झाली होती, स्वतःच सांगायची.

नवी आवृत्ती बाहेर पडायची होती त्या दिवशी दुपारी सगळे मॅडमच्या टेबलाभोवती जमले. पहिल्यांदा त्यांनीच करायचं असं मृणालने ठरवलं होतं. कोरं मशीन, हलका डेस्कटॉप, मोठी अक्षरं. बापटही केबिनमधून आले. माझा तिथला तो शेवटचा आठवडा होता. मॅडमनी माउसला हात लावला नाही. दोन कळा एकदम दाबल्या. खिडकी त्या टीव्हीभर पसरली आणि तिच्या पाठोपाठ आतला डेस्कटॉपही पसरला, डावीकडे, उजवीकडे, खाली, अगदी शेवटच्या कडेपर्यंत. काळं कुठे उरलं नाही. ओकेचं बटण आपल्या जागी, लख्ख. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणी तरी शिट्टीही मारली.

मॅडम तशाच बसून होत्या. टाळ्या थांबल्यावर त्यांनी मान किंचित मृणालकडे वळवली आणि विचारलं, "आली का?"

आम्ही सगळे त्या प्रचंड, झगझगीत स्क्रीनपुढे उभे होतो.

"आली मॅडम," मृणाल म्हणाली. "चारही कडांपर्यंत."

"बरं. मग बंद कर ती चूक. माझ्या नावाने."

मृणालने बंद केली. बापट पुढे आले. या वेळी त्यांच्या गोड आवाजात खरंच काहीतरी होतं, ते मी नाकारणार नाही. "मॅडम," ते म्हणाले, "आपलं ठरलं होतं, जागा तुमचीच. पण आता… म्हणजे तुम्हालाच जड जाईल. आपण काहीतरी वेगळं…"

"आजार मला आहे, बापट. टेस्टिंगला नाही," मॅडम म्हणाल्या. "स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मी वर्षभर शिकतेय. बाहेरच्या कंप्युटरवर व्यवस्थित बोलतं. आपल्या आतल्या कंप्युटरमध्ये त्याचा आवाज तुटतो. अर्धे शब्द खातं. ज्यांना दिसत नाही त्यांनी आपलं सॉफ्टवेअर कसं वापरायचं? सकाळीच नोंदवलंय. बंद करून बघा."

खाली मसाल्याच्या दुकानात कुणीतरी मोठमोठ्याने भाव करत होतं, ते तेवढं ऐकू येत होतं. बापटांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"कधीपर्यंत हवंय?" त्यांनी विचारलं.

मॅडमनी तो अवाढव्य टीव्ही हात लांब करून बंद केला आणि दुसऱ्या कानावरही हेडफोन चढवला.

"घ्या वेळ," त्या म्हणाल्या. "मी कुठं जाऊन नाही राहिली."